अट न घालता उघडलेले दार

परका माणूस मदत मागत आपल्या दारी आला, तर आपण त्याला काय विचारतो? आधी नाव, मग गाव, मग आडनाव. त्यानंतर हळूच त्याचा धर्म आणि त्याचे खाणेपिणे. एवढी चौकशी झाली की मग आपण ठरवतो, दार किती उघडायचे ते. यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. पण या सवयीच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे. ज्याला आपण मदत करतो, त्याने आपल्यासारखे व्हावे अशी अपेक्षा धरण्याचा हक्क आपल्याला मिळतो का?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला अमेरिकेत शिकायला गेलेल्या एका मराठी विद्यार्थिनीची आठवण होते. कल्याणच्या आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. आपल्या देशात बायकांना तपासायला बाई डॉक्टर नाही, हे दुःख त्यांनी स्वतः भोगले होते. त्यातूनच डॉक्टर होण्याची जिद्द उभी राहिली.

त्यांचे पती गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. १८७८ साली त्यांनी कोल्हापूरहून एका अमेरिकन मिशनरींना पत्र लिहिले. रॉयल वाइल्डर हे ते मिशनरी. पूर्वी कोल्हापुरात काम करून ते मायदेशी परतले होते. पत्नीच्या शिक्षणाची अमेरिकेत काही सोय होईल का, अशी गोपाळरावांची विचारणा होती. वाइल्डरसाहेबांनी ते पत्र आपल्या नियतकालिकात छापले आणि सोबत आपले उत्तरही दिले. उत्तराचा रोख असा, की जोशी पतिपत्नींनी आधी ख्रिस्ताचा स्वीकार करावा. ही अट जोशींना मान्य नव्हती. विषय तिथेच थांबला.

पुढे १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेला त्या नियतकालिकाचा जुना अंक त्यांनी सहज चाळला आणि हा पत्रव्यवहार त्यांच्या वाचनात आला. उत्तरात काय सांगितले होते, ते त्यांनीही वाचले. पण त्यांच्या मनाला भिडली ती शिकू इच्छिणारी मुलगी. त्यांनी तिला पत्र लिहिले आणि आपले घर देऊ केले. धर्माची अट घातली नाही. पत्रे येत-जात राहिली आणि न पाहिलेल्या या बाईंना आनंदीबाई मावशी मानू लागल्या.

अट घालणारे एकाच बाजूला होते असे नाही. आनंदीबाई परदेशी जाणार हे कळताच आपल्या लोकांनीही त्यांना धारेवर धरले. समुद्र ओलांडला तर जातीबाहेर टाकू, ही त्यांची अट. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून सर्वांना उत्तर दिले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी निक्षून सांगितले. एप्रिलमध्ये त्यांनी कलकत्त्याहून बोट धरली आणि ४ जूनला न्यूयॉर्कचा किनारा गाठला. तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या.

रोझेलच्या घरात त्यांना मुलीसारखी वागणूक मिळाली. त्यांनीही आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून यजमानांना जेवू घातले. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि खरी परीक्षा सुरू झाली. कडाक्याची थंडी, खोलीतली शेगडी धुराने कोंदलेली, शाकाहारी माणसाच्या जेवणाचे हाल. पाय उघडे पडू नयेत म्हणून त्या गुजराती पद्धतीने लुगडे नेसू लागल्या, पण लुगडे सोडले नाही. ऑक्टोबर १८८५ मध्ये काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लामबुली अशा तिघी शेजारी शेजारी बसल्या आहेत. प्रत्येकीच्या अंगावर आपापल्या देशाचा पोशाख आहे. तिघी डॉक्टर झाल्या.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाईंनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतला होता. एकीने ख्रिस्ताला स्वीकारले, दुसरीने आपला धर्म राखला. पण परमुलखात एकीच्या आनंदात दुसरी सामील झाली. आणि लक्षात घ्या, ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाई शाकाहारीच राहिल्या. श्रद्धा बदलली म्हणून माणसाने आपले सगळेच टाकून द्यावे, असे त्यांना वाटले नाही.

इथे कुणी विचारील, आमच्याजवळ जे सर्वात मोलाचे आहे ते दुसऱ्याला मिळावे असे वाटणे ही काय चूक आहे? मुळीच नाही. ज्याच्यावर आपली माया असते, त्याला आपण चांगलेच द्यायला पाहतो. पण देऊ करणे वेगळे आणि किंमत मागणे वेगळे. देऊ केलेली गोष्ट नाकारता येते आणि नाकारल्यावरही नाते टिकते. किंमत नाकारली की व्यवहार मोडतो. अडलेल्या माणसापुढे आपण श्रद्धा ठेवतो, तेव्हा त्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असते का, हे आधी पाहायला हवे. ती नसेल, तर त्याचा ‘हो’ही खरा नसतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती होता कामा नये, हेच त्याचे सार आहे. आणि गरजेइतकी मोठी जबरदस्ती दुसरी कोणती?

मग कुणी म्हणेल, अट घालायची नाही म्हणजे ज्याचे त्याने पाहावे, असेच ना? तसेही नाही. ‘तू तुझ्या मनाचा मुखत्यार’ असे म्हणून हात झटकणे सोपे असते. दुसऱ्याचे वेगळेपण मानायचे, तर त्याची काळजी जास्तच घ्यावी लागते. मांस न खाणाऱ्याला उपाशी ठेवून त्याच्या स्वातंत्र्याचा मान राखला जात नाही. त्याला चालेल असे काहीतरी रांधावे लागते.

आपल्या मायेची परीक्षा शेवटी एकाच जागी होते. समोरच्याने आपल्यासारखे व्हायचे नाकारले, त्यानंतर आपण त्याच्याशी कसे वागतो? कार्पेंटरबाई या परीक्षेला उतरल्या. आनंदीबाई क्षयाने खंगून १८८६ च्या अखेरीस मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या इस्पितळातली नेमणूक त्यांची वाट पाहत होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना उरला होता. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी मावशीकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. शेवटपर्यंत हिंदू राहिलेल्या या लेकीला त्या घराने आपल्या माणसांमध्ये कायमचे ठेवून घेतले.

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली. आपल्या धर्मग्रामातली मुलेही परदेशी शिकायला जातात. विमानतळावर त्यांना घ्यायला कोण येईल, खोली मिळेपर्यंत कोण ठेवून घेईल, या काळजीने इथे आईबापांना झोप लागत नाही. तिथल्या कुणीतरी आपल्या मुलाला त्याचा धर्म, रंग, भाषा न विचारता घरात घ्यावे, अशी आपली प्रार्थना असते.

ही प्रार्थना करणाऱ्यांच्या गावातही परकी मुले शिकायला आणि नोकरीला येतात. कुणी आसामातून, कुणी बिहारमधून, तर कुणी विदर्भातून. भाड्याची खोली मागत तीही कुणाच्या तरी ओट्यावर उभी राहतात. त्यांचेही आईबाप दूर कुठेतरी जागेच असतात. खोली देण्याआधी आपण त्यांना काय विचारणार आहोत, हे प्रत्येकाने आपल्या घरात बसून ठरवावे.