झीज

सोनं झिजतं. सराफ्यात बसणाऱ्या कुणालाही विचारा, तो हे आधी सांगेल. बावीस कॅरेट म्हणजे शंभरातले साडेएक्याण्णवहून थोडे जास्त भाग निव्वळ सोनं. उरलेलं तांबं-चांदी थोडा कडकपणा यावा म्हणून घालतात, तरी ते मऊच राहतं. कानशीखाली त्याचा चुरा उडतो, पॉलिशच्या ब्रशाला लागतो, कारागिराच्या केसांत आणि चटईत शिरतो. म्हणून सराफ्यातल्या कारखान्यांचा केर कुणी उकिरड्यावर टाकत नाही. न्यारिये येतात, तो केर विकत घेतात, नाल्यांतला गाळसुद्धा भरून नेतात, धुतात, आटवतात आणि त्या चिखलातून सोन्याचे कण काढतात. आपल्याकडचे झारेकरी ते हेच.

केराचाही हिशोब ठेवणाऱ्या अशा एका बाजारातली ही गोष्ट आहे.

ग्वाल्हेरला महाराज बाड्यावरून आत वळलं की सराफा बाजार सुरू होतो. वर पाहिलं तर जुन्या हवेल्यांचे कोरीव दगडी झरोके, खाली पाहिलं तर ई-रिक्षा, गाई आणि लग्नाच्या खरेदीला आलेली खेड्यापाड्यांतली माणसं. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली आणि तिचंच पुढे लष्कर हे शहर झालं. फौजेमागून कारकून आले, पुरोहित आले, आचारी आले, फौजेला पैसा पुरवणारे सावकारही आले. कारकुनांपैकी एकाच्या वंशातले नाना. घर बाड्यापासून हाकेच्या अंतरावर, जुनं, दगडी पटियांच्या छताचं. नोकरी एजी ऑफिसात, म्हणजे महालेखाकाराच्या कार्यालयात. उभा जन्म दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप काढण्यात गेला. माणूस सचोटीचा. चहासुद्धा स्वतःच्या पैशाने प्यायचा.

निवृत्त झाल्यावर तपासायला ऑफिस उरलं नाही, घर उरलं.

मागच्या महिन्यात सिलिंडर सत्तावीस दिवस गेलं, या महिन्यात तेवीसच कसं? तेल साडेचार लिटर लागलं, पाहुणे तर आले नव्हते. धोबी कपडे मोजून नेतो, मोजून आणतो का? त्यांची बायको माई आधी हसून उत्तरं द्यायची, मग नुसती उत्तरं द्यायची, मग तीही बंद झाली. संध्याकाळी ढोली बुवांच्या मठात कीर्तन असलं की ती शेवटपर्यंत बसून राही. घरी परतायची घाई तिला उरली नव्हती. अशी घरं मी बरीच पाहिली आहेत. त्यांत वाईट माणूस कुणीच नसतो, म्हणून तर तिथलं दुःख कुणाला सांगताही येत नाही.

2025 च्या पावसाळ्यात छत गळायला लागलं, तेही नेमकं देवघरावर. दोन पटिया तडकल्या होत्या. मिस्त्रीने सांगितलेला आकडा ऐकून नाना गप्प झाले. माई म्हणाली, "अहो, एफडी मोडा एखादी. गणपती कुठे बसवायचे मग?"

"एफडी मोडायची नाही. व्याज बुडतं."

"व्याज बुडेल म्हणून देव पावसात ठेवायचे?"

मग बोलाचाली वाढत गेली आणि नाना बोलू नये ते बोलले. "या घरातला एकेक पैसा मी मिळवलाय. सायकल मारत ऑफिसला जाऊन मिळवलाय. तुझं काय गेलं गं आजवर यात?"

माईने उत्तर दिलं नाही. जेवणं झाली, मागचं आवरलं, ती झोपली. सकाळी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, "चला, सराफ्यात जाऊन येऊ. माझ्या पाटल्या मोडून टाकू. छत होईल."

पाटल्या तिच्या माहेरच्या. वडील झाशीला शाळामास्तर. 1984 साली लेकीचं लग्न ठरलं तेव्हा भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून, झाशीहून गाडीने येऊन, याच सराफ्यातून त्यांनी चार तोळ्यांची जोडी घेतली होती. तेव्हा दहा ग्रॅमचा भाव दोन हजारांच्या आसपास होता. आता तो लाखाला टेकला होता.

नानांनी कपाटातून जुनी फाइल काढली, तिच्यातलं एक पाकीट पिशवीत टाकलं. मूळ पावतीशिवाय सोनं मोडायला जाणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

पेढी तीच होती. तेव्हाचे सेठजी गेले, त्यांचा मुलगा आता म्हातारा होऊन गादीवर बसला होता. तीन पिढ्यांची मराठी गिऱ्हाइकं, त्यामुळे मराठी चांगली बोलायचा. पाटल्या हातांतून निघेनात. सांधे सुजलेले, मनगटं भरलेली. आतून कारागीर आला. त्याने माईच्या पंज्यावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवली, साबणाचं पाणी लावलं आणि अंगठा आत दाबून एकेक पाटली हळूहळू ओढून काढली. माईने ओठ दाबून धरले होते. पाटल्या होत्या तिथे गोऱ्या कातडीचा पट्टा उरला, लेकराच्या अंगासारखा मऊ. एकेचाळीस वर्षं त्या कातडीला ऊन लागलं नव्हतं. तिने पदर मनगटावर ओढून घेतला.

सेठजींनी काळ्या दगडावर उजव्या पाटलीची कड घासली, रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ पिवळीच राहिली.

"बावीसचं आहे. चोख."

"दुसरीचीही घासा," नाना म्हणाले. "आणि हिची पुन्हा एकदा."

"घासतो. पण नाना, जितक्या वेळा कसाल तितकं दगडावर राहील. बाईंचंच सोनं जाईल."

नानांनी हात आवरता घेतला. पाटल्या काचेच्या पेटीतल्या काट्यावर गेल्या, आधी एक, मग दुसरी. नानांनी आकडे वहीत टिपले, पावती उलगडली आणि त्यांचा चेहरा ऑफिसातल्यासारखा झाला.

"सेठजी, तुमच्याच पेढीची पावती आहे. 46.650 ग्रॅम. प्रत्येकी 23.325. आज ही 21.780 भरतेय, ही 22.510. मिळून 44.290. दोन ग्रॅम तीनशे साठ मिलिग्रॅम कमी. एक तर तुमचा काटा चूक, नाहीतर तेव्हाची पावती."

सेठजी चिडले नाहीत. शंभर मिलिग्रॅमचं वजन काट्यावर ठेवून दाखवलं. काटा बरोबर होता. मग भिंग नानांच्या हातात दिलं.

"बघा."

दोन्ही पाटल्यांवर एकाच साच्याची वेल होती. डाव्या पाटलीवरची पानं भिंगातून मोजता येत होती, पानांच्या शिरासुद्धा. उजवीवर वेल अर्ध्यातच हरवली होती. कडेकडेचा भाग इतका गुळगुळीत झाला होता की तिथे कधी नक्षी होती हे डावी पाहिल्याशिवाय कळलं नसतं.

"ही उजव्या हातातली ना?" सेठजींनी माईला विचारलं.

"हो."

"कधी काढून ठेवत होतात?"

"बाळंतपणांत काढल्या होत्या. नंतर निघेनातच."

"भांडी कशाने घासता?"

"आधी राख होती," माई म्हणाली. "मग पावडर आली. आता तारेची घासणी."

"कपडे?"

"मुलं मोठी होईपर्यंत हातानेच. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या ना सहा वर्षं, त्यांचंही सगळं."

सेठजींनी पाटल्या मखमलीवर ठेवल्या. "मग चोरी नाही झाली नाना. आमचा न्यारिया नालीतून सोनं काढतो. तुमच्या मोरीतून, परातीतून, म्हातारीच्या चादरींतून ते कोण काढणार? तुमच्याच घरात गेलंय सगळं. उजवा हात जास्त राबतो, म्हणून उजवी जास्त झिजली. माझ्या काट्यावर ही तूट सगळ्या घरच्या बायांच्या दागिन्यांत निघते. तिजोरीत राहिलेलं सोनं पावतीइतकंच भरतं."

नानांनी वहीतल्या आकड्यांकडे पाहिलं. हिशोबाची सवय म्हणून असेल, त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला. झिजून गेलेल्या सोन्याची आजची किंमत, त्या मास्तरांनी अख्ख्या जोडीला मोजलेल्या पैशांच्या दुपटीहून जास्त होत होती. रात्री विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिलिग्रॅमपर्यंत समोर आलं होतं. आणि हे तर फक्त सोनं. ज्या मनगटावरून ते झिजलं त्याचं काय झालं असेल, ते मोजायला सराफ्यात काटा नव्हता. पगार पासबुकात उमटतो. घरासाठी झिजलेलं कुठेच उमटत नाही, आणि जे उमटत नाही ते झालंच नाही असं मिळवत्या माणसाला फार सहज वाटू लागतं. नानांना तसं वाटलं होतं. आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं, आणि ते बदलायला हवं, एवढं मी ठामपणे म्हणेन.

"पावती ठेवा जपून," सेठजी म्हणाले. "इतकी जुनी पावती आजकाल कुणी आणत नाही."

पावती पुन्हा घालण्यासाठी माईने पाकीट हातात घेतलं. पिवळं पडलेलं सरकारी पाकीट. त्यावर नानांचंच अक्षर होतं, पण तरुणपणचं, टपोरं: 'हिचं माहेरचं. कितीही अडचण आली तरी हात लावायचा नाही.' खाली 1984 ची तारीख.

माईने ते दोनदा वाचलं. धाकट्या नणंदेचं लग्न तिला आठवलं. तेव्हा यांनी सोसायटीचं कर्ज काढलं होतं आणि पुढे कितीतरी वर्षं दिवाळीला स्वतःसाठी कपडा घेतला नव्हता. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी सासूबाईच म्हणाल्या होत्या, सुनेच्या हातात चार तोळे नुसते बसलेत. तेव्हा नाना ताटावरून उठून गेले होते. माईला वाटलं होतं, आईवर रागावले. का रागावले, ते तिने विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. यांनी पाटल्या कधी मागितल्या नाहीत, त्याचा अर्थ तिने इतकाच लावला होता की यांना त्यांची आठवणच नाही.

"हे मला कधी दाखवलं नाहीत," ती म्हणाली.

"त्यात दाखवायचं काय?"

"दाखवायचं होतं."

नाना थोडा वेळ बोलले नाहीत. मग गादीवर सेठजी आहेत, आतून कारागीर ऐकतोय, याची पर्वा न करता म्हणाले, "काल मी जे बोललो ते खोटं होतं. चूक नव्हे, खोटं. मला माहीत असायला हवं होतं."

माईने मान डोलावली. माफ केलं असं म्हणाली नाही. असल्या गोष्टी एका वाक्याने फिटत नाहीत आणि तिने फिटल्याचा देखावा केला नाही, हे मला तिचं फार आवडतं. एकच पाटली उचलून, डावी, तिने हातात चढवायला घेतली. साबणाने अजून ओला असलेला हात पटकन आत गेला. उजवी नानांनी उचलली आणि तिच्यापुढे धरली. नीट जमेना, तेव्हा कारागिराने येऊन सांगितलं की अंगठा आत वळवायला लावा.

"मोडायच्या नाहीत मग?" सेठजींनी विचारलं.

"नाही," दोघं एकदम म्हणाली.

सेठजींनी पॉलिश करून देऊ का म्हणून विचारलं. माई नको म्हणाली. पॉलिशमध्येही सोनं जातं.

बाहेर ऊन पडलं होतं. बाड्यापर्यंत दोघं चालत आली. पोस्टाच्या इमारतीपाशी नाना घराच्या बाजूला वळू लागले, तशी माई थांबली.

"बँक इथेच आहे ना? एफडी मोडायची तर आजच मोडा. उद्या तुमचं मन पुन्हा व्याजाकडे जाईल."

नाना निमूट बँकेत शिरले. खिडकीतल्या मुलीने हिशोब करून सांगितलं की मुदतीआधी मोडल्यावर इतकं व्याज कमी होईल, छताचे पैसे वजा जाता इतके उरतील, त्यांची नवी ठेव करायची का? नाना हो म्हणाले.

"किसके नाम से, अंकल? आप अकेले के?"

"दोनों के," नाना म्हणाले.

मुलीने अर्ज पुढे सरकवला. नानांनी पेन उघडलं आणि सवयीने पहिल्या ओळीवर नेलं.

"थांबा," माई म्हणाली. "पहिलं नाव माझं लिहा."

पहिलं नाव ज्याचं, त्याच्या उत्पन्नात बँक व्याज धरते, कर कापायचा तर त्याच्याच नावे कापते आणि कागद येतात तेही त्याच्याच नावाने, हे एजी ऑफिसात आयुष्य काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. नानांनी पेन तिच्या हातात दिलं.

"तूच लिही. आणि सही पूर्ण कर, इंग्रजीत नको, मराठीत कर. पुढच्या वेळी जुळायला हवी."