पंक्तिप्रपंच आणि ज्याची त्याची वाटी

पंक्तिप्रपंच हा शब्द मराठीत नेहमी निंदेनेच उच्चारला जातो. एकाच पंगतीत बसलेल्या दोघांपैकी एकाच्या भातावर तुपाची धार धरावी आणि दुसऱ्यापुढून तुपाची वाटी तशीच पुढे न्यावी, ह्याइतका मोठा अपराध वाढणाऱ्याच्या हातून होत नाही, अशी आपली जुनी समजूत आहे. आणि ती योग्यच आहे. अन्न कमी पडल्याचे दुःख माणूस सोसतो. परंतु आपल्यालाच कमी वाढले गेले हा अपमान तो सहसा विसरत नाही.

ह्या शब्दाचा नव्याने विचार करावा असे आम्हांस वाटले ते ग्रॅनोला नावाच्या एका पदार्थामुळे. कोरमंगलात राहणाऱ्या मराठी घरांतून सकाळच्या पोहे-उपम्याच्या जोडीला आता हा पदार्थ आला आहे. कृती सोपी आहे. तीन वाट्या ओटचे पोहे, वाटीभर बदाम, अक्रोड, तीळ व भोपळ्याच्या बिया, पाव वाटी तेल, तितकाच मध किंवा काकवी आणि चिमूटभर मीठ एकत्र कालवून भट्टीत दीडशे अंशांवर सुमारे अर्धा तास, मधून मधून हलवीत, भाजावे. मनुका आणि खारीक भाजल्यावरच घालावयाची. आधी घातल्यास ती करपून कडक होतात. एका अर्थी ही आपल्या चिवड्याचीच परदेशी चुलत बहीण. विशेष एवढाच की, भाजण सर्वांचे एक असले तरी वरून काय घालावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावे, अशी ह्या पदार्थाची प्रकृती आहे. एका घरात चार बरण्या आणि चार मिश्रणे सुखाने नांदू शकतात.

मग प्रश्न असा की, हा घरातल्या घरातला पंक्तिप्रपंच नव्हे काय?

ह्या पदार्थाचा इतिहास मनोरंजक आहे. १८६३ साली न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल येथील आरोग्यधामात जेम्स केलब जॅक्सन ह्यांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचे ‘ग्रॅन्युला’ तयार केले. ते इतके कडक असे की रात्रभर भिजत घातल्यावाचून खाता येत नसे. पुढे बॅटल क्रीकच्या डॉ. जॉन हार्वे केलॉग ह्यांनी तसाच पदार्थ केला, आणि नावावरून तंटा झाल्यावर त्याला ‘ग्रॅनोला’ म्हटले. म्हणजे जो पदार्थ पथ्य म्हणून जन्माला आला, तोच आज आवडीनिवडीचे माहेर झाला आहे. आपल्या गोपाळकाल्याचा प्रवास नेमका उलट आहे. तेथे प्रत्येकाने आपापली शिदोरी आणावी, ती एकत्र कालवावी आणि कोणाचे काय होते हे विसरून सर्वांनी एकच घास घ्यावा. काल्यात अनेकांचे एक होते. ग्रॅनोल्यात एकाचे अनेक होते.

काल्याच्या बाजूने आमचे मन सहज झुकते, हे आम्ही लपवीत नाही. ज्या कोरमंगलात केंद्रीय सदन उभे आहे, त्याच कोरमंगलात २०१४ साली स्विगीने लोकांच्या दारी अन्न पोहोचविण्यास आरंभ केला. एकाच छताखाली राहणाऱ्या चौघांनी चार ठिकाणांहून चार प्रकारचे जेवण मागवावे, ह्यात आता कोणाला नवल वाटत नाही. बदलीच्या गावी, जेथे नातलग नाहीत आणि शेजाऱ्याची भाषा अर्धीच कळते, तेथे घरची पंगत हीच काय ती आपली वस्ती. ती मोडली तर उरते काय?

परंतु केवळ सारखेपणा म्हणजे न्याय नव्हे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मायलो नामक मल्लाचे उदाहरण घेतले आहे. दहा मापे अन्न फार आणि दोन मापे थोडे, म्हणून तालीम देणाऱ्याने सरसकट सहा मापे द्यावीत असे होत नाही. तेवढे मायलोला अपुरे आणि नवशिक्याला जास्त होईल. आम्हां सरकारी नोकरांस हे तत्त्व वेतनपत्रकावरूनही उमजावे. मूळ वेतन पदाप्रमाणे ठरते; परंतु घरभाडे-भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे, शिक्षण-भत्ता मुले शाळेत जात असतील त्यालाच, आणि दिव्यांग सहकाऱ्याचा वाहतूक-भत्ता दुप्पट. ह्याला कचेरीत कोणी पक्षपात म्हणत नाही. गरजेमुळे पडलेला भेद आणि मानामुळे पाडलेला भेद ह्यांत अंतर आहे, आणि पंक्तिप्रपंच हा शब्द दुसऱ्यालाच लागू पडतो.

येथे आणखी एक विवेक करावा लागतो. आवड ज्याची त्याच्यापुरती असते. बाधा मात्र सर्वांना बांधते. एकाला मनुका आवडत नसतील तर त्याने त्या घालू नयेत. पण एखाद्याला शेंगदाणा जिवावर बेतण्याइतका बाधत असेल, तर तो भाजणातच काय, त्या भांड्याजवळही येता कामा नये. आईला मधुमेह असेल तर भाजण अगोडच करावे. ज्याला गोडी हवी त्याने ती आपल्या वाटीत घ्यावी. काकवी काळी म्हणून निरुपद्रवी, ही समजूत खरी नव्हे. घरात वर्षाच्या आतले मूल असेल तर त्याच्या तोंडी मध लागू नये. म्हणजे सामाईक भाजणात काय असावे हे सर्वांत बलवानाने नव्हे, सर्वांत नाजूक प्रकृतीच्या माणसाने ठरवावे. कुटुंबाला कुटुंब म्हणावयाचे ते ह्याच कारणाने, असे आम्हांस वाटते.

तथापि ‘ज्याची त्याची आवड’ ह्या गोंडस शब्दांआड जुना पंक्तिप्रपंच लपू शकतो, आणि खरे भय येथेच आहे. बदाम-अक्रोड महाग. ते कमावत्याच्या बरणीत जातात, मग मुलाच्या, मग मुलीच्या. आणि तळचा चुरा करणारीच्या वाटीत येतो. विचारले तर उत्तर मिळते, “मला बदाम आवडतच नाहीत.” कित्येक घरांतील गृहिणींची ही ‘आवड’ पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पंगतीत तूप कोणाला मिळाले नाही हे चारचौघांना दिसत असे. झाकणाच्या बरणीतला अन्याय दिसत नाही. शिवाय चौघांच्या चार आवडी ध्यानात ठेवण्याचे काम बहुधा एकीकडेच असते. निवड प्रत्येकाची, स्मरण मात्र एकीचे. ह्याला स्वातंत्र्य कसे म्हणावे?

म्हणून आमचे मत असे की, बरण्या वेगळ्या असण्यास हरकत नाही. परंतु भाजण एक असावे, ते सर्वांसमक्ष व्हावे, आणि हलविण्याची पाळी प्रत्येकावर यावी. ज्याला निवड हवी त्याने आपली निवड आपल्या हाताने मिसळावी. महागाचे जिन्नस आधी मोजून सारखे वाटावेत; मग कोणाला आपला वाटा दुसऱ्यास द्यावयाचा असेल तर त्याने तो खुशाल द्यावा. हाती असलेले देणे हा त्याग. कधी हातीच न आलेले ‘आवडत नाही’ म्हणून सोडणे ह्याला आम्ही त्याग म्हणणार नाही.

पंगत म्हणजे सर्वांच्या पानांत सारखेच पदार्थ असणे नव्हे. शेजारच्या पानात काय आहे ह्याची प्रत्येकाला काळजी असणे, ही पंगत. ती काळजी शाबूत असेल तर चार बरण्यांनी घर मोडत नाही. आणि ती नसेल तर एका पातेल्यातून जेवूनही माणसे परकीच राहतात.