वेतन आणि विकास

द्रव्य वाढलें कीं उमेद मावळते, असें तरुण व्यावसायिक फुटबॉलपटूंविषयीं इंग्लंडांत वारंवार म्हटलें जातें. नवोदितांस पहिल्या वर्षीं ४०,००० पौंडांहून अधिक मूळ वार्षिक वेतन न देण्याचें लिव्हरपूल संघाचें धोरण २०१६ सालीं प्रसिद्ध झालें, तें याच समजुतीवर आधारलेलें होतें. आम्हांस हें निदान अर्धेंच खरें वाटतें.

त्या देशांत १९०१ पासून १९६१ पर्यंत खेळाडूंच्या वेतनावर कमाल मर्यादा होती. आरंभीं ती आठवड्यास ४ पौंड, अखेरीस २० पौंड होती. ती उठतांच फुलहॅमच्या जॉनी हेन्सचें वेतन एकदम १०० पौंड झालें. तरी तो १९७० पर्यंत त्याच संघाकडून खेळत राहिला. पांचपट द्रव्यानें त्याची खेळावरील निष्ठा ढळली नाहीं.

परंतु हेन्स तेव्हां सिद्ध झालेला खेळाडू होता. अठरा वर्षांच्या मुलास केवळ आशेवर भरघोस वेतन देऊन बाकावर बसवून ठेवलें, तर तो अडकतो. लहान संघ त्यास खेळवील, पण तेवढें वेतन देऊं शकणार नाहीं. आणि खेळ तर खेळूनच येतो. शिष्यवृत्तीनें आळसावलेले विद्यार्थी आम्हीं क्वचितच पाहिले. परीक्षेपूर्वींच झालेल्या कौतुकानें फसलेले मात्र पुष्कळ पाहिले.

तेव्हां तरुणास किती द्यावें याचा खल करण्यापूर्वीं त्यास खेळावयास मिळतें कीं नाहीं, हें संघचालकांनीं पाहावें.