नाव न सापडणारी कालवाकालव

सज्जनहो, ज्या दुःखाला नाव आहे, त्याचे औषध निदान शोधता तरी येते. ताप आला, वैद्याकडे गेलो. कर्ज झाले, हिशेब मांडला. पण कित्येकदा मनाची अशी अवस्था होते की तिला काय म्हणावे हेच कळत नाही. राग म्हणावा तर कोणावर रुसवा नाही. दुःख म्हणावे तर डोळ्यांत पाणी नाही. आत नुसती कालवाकालव. घरचे विचारतात, “काय झालं?” आपण म्हणतो, “कुठं काय!” आणि मग ते ‘कुठं काय’ आमटीतल्या मिठावर निघते, पोराच्या पाठीवर निघते, मुक्या बैलाच्या अंगावर निघते.

भाविक माणूस तर अधिकच घाबरतो. मुखाने हरिपाठ चालला आहे, हातात टाळ आहे, पण चित्त थाऱ्यावर नाही. माळ घातलेल्याला असं होतं का? आपली भक्तीच कच्ची की काय? अशा धास्तीने तो ती अवस्था दडपून टाकतो. ह्या ठिकाणी आपण थोडे थांबून ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायाकडे पाहू.

अध्यायाचे नाव अर्जुनविषादयोग. पण गंमत पाहा, “मला विषाद झाला” असे अर्जुन म्हणत नाही. तो काय सांगतो? गात्रे ढिली पडली, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, गांडीव हातातून निसटते आहे, अंगाची आग होते आहे, मन भ्रमले आहे. नाव ठाऊक नाही म्हणून तो गप्प बसला नाही. जे अंगाला कळले तेवढे त्याने आधी सांगितले. मग कुळाचा क्षय, पाप, नरक अशी कारणे मांडली. त्याला वाटले, हा आपला धर्मविचार. माऊलींनी मात्र वर्म ओळखले. कोरडे लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो, तसा हा वीर आप्तांच्या मायेत अडकला, असा दृष्टान्त त्यांनी दिला. आत होती ती माया. वर दिसत होता तो कंप.

आणि ह्या वेळी भगवंत काय करीत होते? ऐकत होते. गीतेच्या पहिल्या अध्यायात “हे जमलेले कौरव पाहा” एवढेच ते बोलतात. अर्जुनाचे गाऱ्हाणे सुरू झाल्यावर तो धनुष्य टाकून रथात बसेपर्यंत त्यांनी त्याला एकदाही मध्ये तोडले नाही. दुसऱ्या अध्यायात मात्र स्पष्ट बजावले की हे तुला शोभत नाही. बाबांनो, ह्यात मोठी खूण आहे. देवाने अर्जुनाची अवस्था सगळी ऐकली, पण तिचा हुकूम मानला नाही. ऐकणे वेगळे, मानणे वेगळे. आपण नेमके उलटे करतो. मनाचे ऐकत नाही आणि त्याचा हुकूम मात्र मुकाट्याने पाळतो. मग ताट आदळते, पोर रडते.

आमच्या दिंडीत एका वर्षी एक वृद्ध बाबा पंगतीत रोज चिडत. भाकरी करपली, पाणी गढूळ, तंबूत जागा कमी. विचारले की म्हणत, “पाय दुखत्यात.” दिवेघाट चढताना एक माळकरी बाई त्यांच्याजवळून चालू लागली. तिने उपदेश केला नाही. एवढेच विचारले, “बाबा, खरं कुठं दुखतंय?” बाबांनी पायाकडे नेलेला हात छातीशी आणला. म्हणाले, “हितं. पण काय ते सांगता येत नाय.” चार पावले गेल्यावर त्यांची नजर पुढच्या रांगेतील तुळशीवृंदावनांकडे गेली आणि ते ढसढसा रडले. मागच्या वारीपर्यंत त्यांची कारभारीण डोक्यावर तुळस घेऊन त्याच रांगेत चालत होती. वर्षभर ज्याला त्यांनी पायदुखी म्हटले, त्याचे नाव त्या घाटात सापडले. दुःख गेले नाही. पण त्या रात्री भाकरीला नावे ठेवली नाहीत.

तेव्हा सोपी रीत ही. जीव कासावीस झाला की आधी अंगाला विचारावे: घशात दाटले आहे, छातीवर ओझे आहे, की पोटात खड्डा पडला आहे? भूक आणि शीण तर नाही ना, हेही पाहावे. मग देवापुढे बसून तेवढेच बोलावे, “विठ्ठला, हे काय आहे मला कळत नाही, पण इथं असं होतंय.” तो कटीवर कर ठेवून उभा आहे; त्याला घाई नाही. नंतर एखाद्या विश्वासाच्या माणसाला सांगावे. अवस्थेचे नाव सापडेल तेव्हा सापडो, तोवर भगवंताचे नाम हाताशी आहेच. मात्र नाम हे झाकण म्हणून घेऊ नये, आधार म्हणून घ्यावे.

आणि झोप, अन्न आठवडेच्या आठवडे तुटले, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर क्षणभरही न लपवता घरच्यांना सांगून डॉक्टरकडे जावे. त्याने निष्ठेला उणेपणा येत नाही. रोग्याने वैद्य गाठावा, हा व्यवहार देवाला मान्यच आहे.

शेवटी इतकेच. आपण एकमेकांना माऊली म्हणतो. आईला लेकराच्या रडण्याचे नाव कळावे लागत नाही. ती आधी उचलून घेते. घरात कोणी “कुठं काय” म्हणून तोंड फिरवील, तर आपणही क्षणभर माऊली व्हावे, जवळ बसावे आणि ऐकावे.

रामकृष्णहरि.