खोटा रुग्ण आणि खरी अमानत

इशाच्या नमाजनंतर मशीद रिकामी झाली, तरी एक तरुण मागे थांबून राहिला. तो औषधनिर्माणशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी. वडिलांचे आमच्याच मोहल्ल्यात औषधांचे दुकान आहे. तो म्हणाला, "मौलाना, प्रबंधासाठी आम्हाला शहरातल्या मेडिकल दुकानांत रुग्ण बनून जायचे आहे. घसा दुखतो, ताप आहे असे सांगायचे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देतात का, हे टिपून घ्यायचे. मला तर ताप नसेल. मग हे खोटे बोलणे झाले ना? आणि दुकानदारावर ही हेरगिरी नाही का?" थोडा वेळ गप्प राहून तो पुढे म्हणाला, "यादीत अब्बांचेही दुकान आहे. तिथे माझा मित्र जाणार आहे. अब्बांना आधी सांगून ठेवू का?"

त्या रात्री मी त्याला उत्तर दिले नाही. ग्रंथ उघडून पाहावेत, असा तो प्रश्न होता.

औषध-दुकानांच्या व्यवहाराचा असा अभ्यास आज जगभर होतो आणि अरब देशांतही तो रुजला आहे. रियाध शहराचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संशोधक ३२७ औषध-दुकानांत रुग्ण किंवा नातेवाईक बनून गेले. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देण्यास तेथे कायद्याने मनाई होती. तरीही चारपैकी सुमारे तीन दुकानांनी ते दिले. देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तर ग्राहकाने मागण्यापूर्वीच ते पुढे केले. पुढे २०१८ मध्ये तेथील शासनाने अंमलबजावणी कडक केली आणि नंतरच्या पाहण्यांत हे प्रमाण बरेच घटल्याचे आढळले. आपल्याकडेही मुंबई, दिल्ली आणि पाटणा येथील ६२२ दुकानांचा असा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयरोगाची लक्षणे सांगणारे बनावट रुग्ण तेथे पाठवले गेले होते. एकाही दुकानाने क्षयाची मुख्य औषधे परस्पर दिली नाहीत, ही समाधानाची बाब. परंतु तपासणीचा अहवाल जवळ नसलेल्या, केवळ खोकला-ताप सांगणाऱ्या रुग्णाला शंभरातून सदतीस वेळा अँटिबायोटिक दिले गेले.

ही पद्धत पाश्चात्त्यांची नवी युक्ती आहे, असे कोणास वाटेल. वस्तुतः तिचे मूळ बगदादच्या बाजारात सापडते. तेराव्या शतकातील इतिहासकार इब्न अबी उसैबिया यांनी वैद्यांच्या चरित्रग्रंथात एक प्रसंग नोंदवला आहे. खलीफा मामून (मृत्यू इ. स. ८३३) यांच्या दरबारात तक्रार झाली की, अत्तार लोकांकडे कोणतेही औषध मागा, ते "आहे" म्हणतात आणि हाती लागेल ती वस्तू देतात. तेव्हा एका गावाचे नाव औषधाचे नाव म्हणून ठरवले गेले आणि माणसे दुकानोदुकानी पाठवली गेली. प्रत्येकाने ते औषध आपल्याकडे असल्याचे सांगितले. कोणी बिया दिल्या, कोणी दगडाचा तुकडा. पुढे मुअतसिम यांच्या काळात सेनापती अफशीन याने लष्करी तळावर हीच परीक्षा घेतली. ज्यांनी "हे औषध आमच्याकडे नाही" असे सांगितले, त्यांना परवाना मिळाला. बाकीच्यांना तळावरून घालवून दिले गेले. परवान्यासाठी माणसाला एवढेच करायचे होते: जे नाही, त्याला "नाही" म्हणायचे.

परंतु इतिहासात एखादी गोष्ट घडली म्हणून ती शरीअतमध्ये जायज ठरत नाही. खलीफाचे कृत्य म्हणजे दलील नव्हे. म्हणून मूळ प्रश्नाकडे वळावे लागते.

सूरह अल-हुजुरातच्या १२ व्या आयतीत वाईट संशय, तजस्सुस आणि गीबत या तिन्हींची एकत्र मनाई आली आहे. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयीची रिवायत प्रसिद्ध आहे. इमाम गज़ाली (रह.) यांनीही ती घेतली आहे. रात्री एका घरातून संशयास्पद आवाज आला, तेव्हा हजरत उमर भिंत चढून आत गेले आणि घरमालकाला गुन्हा करताना पकडले. तो म्हणाला, "अमीरुल मोमिनीन, मी एक अवज्ञा केली असेल, आपण तीन केल्या. आपण पाळत ठेवली, दाराने आला नाहीत आणि सलाम न करता आत शिरलात." हजरत उमर यांनी त्याला सोडून दिले.

हा दाखला घराचा आहे. दुकान हे घर नव्हे. त्याचे दार सर्वांसाठी उघडे असते आणि तेथे जो व्यवहार होतो त्याचा परिणाम लोकांवर होतो. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले आणि फसवणूक करणारा आपल्यातील नव्हे, असा इशारा त्यांनी दिला. याच आधारावर मुस्लिम शहरांत हिस्बाची व्यवस्था उभी राहिली. बाराव्या शतकातील शैजरी यांच्या ग्रंथात अफू आणि अन्य औषधांतील भेसळ ओळखण्याच्या खुणा मुहतसिबासाठी लिहून ठेवल्या आहेत.

राहिला खोटे बोलण्याचा प्रश्न. इमाम गज़ाली म्हणतात त्याचा आशय असा: चांगला हेतू सत्यानेही साध्य होत असेल, तर असत्य हराम आहे, तो अन्य मार्गाने साध्य होतच नसेल, तेव्हाच सवलतीचा विचार करता येतो. दुकानदाराला "तुम्ही चिठ्ठीशिवाय औषध देता का?" असे सरळ विचारले, तर कोण "हो" म्हणेल? आणि येथील हेतू किरकोळ नाही. विषाणूमुळे होणाऱ्या सर्दीवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. अर्धवट किंवा अकारण घेतले, तर शरीरातील जिवाणूंपैकी चिवट तेवढे उरतात, वाढतात आणि शेजाऱ्याच्या घरी पोहोचतात. पुढे एखाद्या बाळंतिणीला किंवा वृद्धाला त्याच औषधाची गरज पडते, तेव्हा ते निरुपयोगी झालेले असते.

बुखारी आणि मुस्लिम यांच्या संग्रहांतील कुष्ठरोगी, टकला आणि आंधळा यांची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. अल्लाहने त्यांना आरोग्य व संपत्ती दिली. मग फरिश्ता प्रत्येकाकडे त्याच्याच जुन्या रूपात, गरजू प्रवासी बनून आला. दोघांनी त्याला हाकलले. पूर्वीच्या आंधळ्याने मात्र "हवे ते घे" असे म्हटले. फरिश्ता अल्लाहच्या आज्ञेने आला होता, ती माणसाला दिलेली मोकळीक नव्हे. तरीही रुग्णाचे रूप घेऊन येणाऱ्यात आपला स्वार्थ नसेल, तर ते रूप फसवणुकीहून वेगळे ठरू शकते, एवढे त्यातून समजते.

म्हणून माझ्या अल्प समजुतीप्रमाणे हा अभ्यास काही अटींवर जायज आहे. दुकानाचे आणि दुकानदाराचे नाव कोठेही उघड होऊ नये. कारण दोष झाकणे हाही हुकूम आहे. महाविद्यालयाच्या नीतिविषयक समितीची परवानगी असावी. खऱ्या रुग्णाची वेळ त्यामुळे हिरावली जाऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी की, दुकानदाराला गुन्ह्याकडे ढकलू नये. काही अभ्यासांत मागणी पायरीपायरीने वाढवली जाते: आधी केवळ त्रास सांगायचा, मग अधिक जोराचे औषध मागायचे, शेवटी अँटिबायोटिकच मागायचे. पहिल्या पायरीवर त्याची सवय कळते. शेवटच्या पायरीवर रडून, गयावया करून औषध काढून घेतले, तर त्याच्या दयेचाच सापळा होतो.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. वाळूजला रोजंदारीवर जाणारा मजूर रात्री दहाला येतो. डॉक्टरांची फी त्याला परवडत नाही, सरकारी रुग्णालयाच्या रांगेत दिवसाची मजुरी जाते. तो म्हणतो, "भाई, दोन गोळ्या द्या." त्या वेळी नकार देणे निष्ठुरपणा वाटतो. परंतु वैद्यक न जाणता जो उपचार करतो, तो नुकसानीस जबाबदार आहे, ही हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. २०१४ पासून आपल्या देशात 'एच-१' अनुसूचीतील औषधांसाठी डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव वहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. मजुराला नकार देताना ताप उतरवणारी साधी गोळी देता येते, जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता सांगता येतो. मोहल्ल्याच्या जकातीतून पात्र गरिबाची फी भरता येते. ती जबाबदारी एकट्या दुकानदाराची नाही, आपल्या सर्वांची आहे.

येथे मला स्वतःविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला ताप होता. मी दुकानात गेलो आणि अँटिबायोटिकचे नाव सांगितले. दुकानदार म्हणाला, "मौलाना, तुमच्याकडे काय चिठ्ठी मागायची?" मी तो मान समजलो आणि औषध घेऊन आलो. ताप दोन दिवसांत उतरला, बाटली अर्धी राहिली, ती पुढे फेकून दिली. त्या तरुणाचा प्रश्न ऐकला, तेव्हा ती बाटली आठवली. खोटा रुग्ण निदान त्याच्यासमोर आलेले औषध घेत नाही, फक्त टिपून घेतो. मी खरा ग्राहक होतो, आणि माझ्या दाढीचा व इमामतीचा दबाव त्या दुकानदारावर टाकून त्याला चुकीच्या बाजूला उभे केले. जुम्याच्या खुतब्यात अमानतीवर बोलणाऱ्याने हे केले. अल्लाह मला माफ करो.

दुसऱ्या दिवशी मी त्या तरुणाला म्हणालो, "अब्बांना गुपचूप सांगू नकोस, ती अभ्यासाशी खियानत होईल. सूरह अन-निसाच्या १३५ व्या आयतीत आईवडिलांच्या विरुद्धही खरी साक्ष देण्याचा हुकूम आहे. पण तुझ्या मनाचा तोल तिथे राहणार नाही, म्हणून मार्गदर्शकांना सांगून ते दुकान यादीतून काढून घे. मग मुलगा म्हणून अब्बांजवळ बस, आणि जे शिकला आहेस ते अदबीने सांग."

"आणि त्यांनी नाही ऐकले तर?" त्याने विचारले.

"तर पुन्हा सांग. आणि मी पुढच्या वेळी त्यांच्याकडे चिठ्ठी घेऊनच येईन, हेही सांग."

बाजारात येणारा परीक्षक वर्षातून एकदा येईल किंवा येणारही नाही. जो सदैव पाहतो, त्याच्यासमोर आपण ग्राहक असू वा दुकानदार, उभेच आहोत. अल्लाह आपल्या रुग्णांना शिफा देवो, आपल्या दुकानदारांच्या रोजीत बरकत देवो आणि आपणा सर्वांना अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.