संग्रह आणि आसक्ति

पहिल्या महायुद्धापूर्वीं अमेरिकेंत सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंचीं चित्रांकित कार्डें मिळत. १९०९ ते १९११ च्या मालिकेंतील होनस वॅग्नरचें दुर्मिळ कार्ड २०२२ सालीं साडेबहात्तर लक्ष डॉलरांस विकलें गेलें. असा संग्रह आरंभूं पाहणाऱ्यानें प्रथम स्वतःस विचारावें: मला वस्तु प्रिय आहे, कीं तिची दुर्मिळता? दुर्मिळतेवरील प्रेम म्हणजे, खरें पाहतां, ती वस्तु इतरांजवळ नाहीं याचाच आनंद. एखादी जुनी ग्रंथावृत्ति हातीं येतांच मलाहि तो झाला आहे, हें कबूल केलें पाहिजे.

मग संग्रह निंद्यच काय? तसें म्हणवत नाहीं. सिराक्यूजच्या जेफरसन बर्डिक या गृहस्थानें तीस हजारांहून अधिक बेसबॉल-कार्डें जमविलीं, त्यांची सूची रचली, आणि संधिवातानें आंखडलेल्या हातांनीं तीं वह्यांत चिकटवून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास अर्पण केलीं. १९६३ च्या जानेवारींत काम संपलें. दोन महिन्यांनीं तो वारला. त्याचा संग्रह सर्वांचा झाला.

तेव्हां नवशिक्यानें दुमडलेलें, स्वस्त कार्ड घेऊन आरंभ करावा, आणि तें कोणाच्या हातीं सोंपवावयाचें याचा विचारहि त्याच दिवशीं करावा. उपदेश सोपा आहे. माझ्या कपाटाची किल्ली मात्र अद्याप माझ्याच खिशांत आहे.