मांडीवर दिलेला मुलगा

जानेवारी 1904 मध्ये सेशन्स कोर्टाने दीड वर्षाची सक्तमजुरी सहा महिन्यांवर आणली, पण दोष कायम ठेवला, आणि लोकमान्य टिळकांना हातकड्या घालून येरवड्याच्या तुरुंगात नेण्यात आले. राजद्रोहाच्या शिक्षेचा अखेरचा काळ त्यांनी 1898 साली याच तुरुंगात काढला होता. या खेपेस मात्र आरोप शपथेवर खोटे बोलल्याचा होता, आणि वादाचा गाभा एवढाच की औरंगाबादेस एक मुलगा एका विधवेच्या मांडीवर दिला गेला की नाही.

सरदार बाबामहाराज पंडित 1897 च्या ऑगस्टात वारले आणि मृत्युपत्रान्वये दौलतीच्या व्यवस्थेचा भार स्नेही टिळकांसह नेमलेल्या पंचांवर आला. मरणोत्तर जन्मलेला मुलगा दोन महिन्यांतच दगावला. तेव्हा पंचांच्या संमतीने त्यांच्या तरुण विधवेने, ताईमहाराजांनी, जून 1901 मध्ये औरंगाबादेस पंडित घराण्याच्या निधोणे शाखेतील जगन्नाथास दत्तक घेतले. पुढे कारभाऱ्यांच्या आणि कोल्हापूर दरबारच्या ओढीने त्यांचे मन फिरले, ते दत्तविधान झालेच नाही असे सांगून त्यांनी दुसरा मुलगा मांडीवर घेतला. पुढच्या कोर्टकचेरीत दप्तरे हलली, साक्षी उलटसुलट झाल्या. परंतु ज्याच्यासाठी हे सारे चालले त्या पोराला तुझे घर कोणते, असे कोणी विचारल्याचे दिसत नाही.

ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाला तरी स्वतःचा आवाज होता. बापाने गाईंच्या मोलाने विकलेला, यूपाला बांधलेला आणि देवांनी सोडवलेला तो मुलगा विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसतो, आणि बाप अजीगर्त परत मागू लागला तेव्हा जन्मदात्याला नकार देतो. रक्ताचा हक्क दुष्कृत्याने संपतो हे त्या प्राचीन कथेने निःसंकोच मान्य केले. नंतरच्या धर्मशास्त्राने दत्तकाकडे मुख्यत्वे पिंड, गोत्र आणि वारसा यांच्या दृष्टीने पाहिले, आणि ज्याला द्यायचे त्याची इच्छा मागे पडली. रवींद्रनाथांनी 1910 साली पुस्तकरूपाने आलेल्या 'गोरा' कादंबरीत हाच प्रश्न गोराला वाढवणाऱ्या आनंदमयीच्या मायेने सोडवला. कादंबरीला तसे करता येते, कारण तिच्यातल्या आईचे मन लेखकाच्या स्वाधीन असते.

संसारात ते तसे नसते, आणि येथेच मला शास्त्राचा कोरडेपणा मायेपेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो. ताईमहाराजांना दोष देण्याचे कारण नाही; अल्पवयात पती व मूल गमावलेली ती बाई चहूकडून ओढली जात होती. पण जगन्नाथाचे पुत्रत्व तिच्या मायेवर टिकले असते, तर ती ओसरताच पोर उघड्यावर पडले असते. एकदा दिले ते दिले, दत्तक मोडता येत नाही, ही शास्त्रकारांची अट बहुधा वंश आणि पिंड यांच्या काळजीने घातलेली होती. तरी त्या साऱ्या प्रकरणात मुलाची बाजू घेणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे हीच अट. दान ममतेने द्यावे हे खरे, पण ममता आटली म्हणून दान परत येत नसते.

टिळकांची सुटका हायकोर्टाने 3 मार्च 1904 रोजी केली. दिवाणी दावा मात्र लांबत गेला: पुण्यात निकाल अनुकूल, 1910 साली ते मंडालेस असताना मुंबई हायकोर्टात प्रतिकूल, आणि अखेर 1915 च्या मार्चात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तविधान ग्राह्य ठरवले. तोवर ताईमहाराज हयात नव्हत्या. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तहोमाची सक्ती काढली आणि मुलीलाही दत्तक घेण्याची मुभा दिली. परंतु विधिपूर्वक झालेले दत्तक आईबापांना रद्द करता येत नाही आणि दत्तकालाही जन्मघरी परतता येत नाही, ही जुनी अट त्याच कायद्याच्या कलम 15 मध्ये कायम आहे.